गोधडीच्या सहलीला निघण्याआधी

मैत्रिणींनी दरवर्षी दोन दिवस पुण्याजवळ मुळशीला जाऊन गोधड्या शिवायच्या, ही एका लेखात वाचलेली कल्पना झकास. पण त्यातलं ‘कापड आणि सुई घेऊन या, बाकी तिथे बघू’ हे काही पटलं नाही. दोन दिवसांत हाताने डबलबेडची गोधडी पुरी होत नाही. बाळाची, साधारण ३० बाय ४० इंचांची, फार तर होईल. मोठी हवी तर थर पुण्यातच टाचून न्या.

टाचणं हेच खरं काम. अस्तर फरशीवर ताणून कडांना चिकटपट्टी लावा, त्यावर जुन्या सुती साड्यांचे दोन-तीन थर, मग वरचं कापड. कच्चे टाके मधून कडेकडे, वीतभर अंतराने. धावदोरा आपण कडेपासून आत घालत जातो, त्यामुळे सैल राहिलेलं कापड सरकत सरकत मध्यावर जमतं आणि तिथे असा झोळ येतो की उसवण्यावाचून इलाज नाही. सिंथेटिक साडी आत नकोच, थर घसरतात. नवं कापड (रविवार पेठेतलं असो की तुळशीबागेतलं) आधी धुवा. लाल-मरून असेल तर ओलं पांढरं फडकं घासून रंग जातो का बघा.

आणि इस्त्री! हजार वॅटच्या दोन इस्त्र्या ६ अँपिअरच्या एकाच एक्स्टेन्शन बोर्डावर लावू नका, बोर्ड तापतो. दुसरी दुसऱ्या खोलीत लावा. शिलाई मशीनची मोटर शंभरेक वॅटची, तिची काळजी नाही. पावसाळ्यात मात्र मुळशी नको. कापड दमट राहतं आणि धुतलेलं वाळत नाही.