वीस वर्षं गाडी मारणाऱ्याला काय शिकवणार? (एका प्रतिक्रियेला उत्तर)

मागची पोस्ट होती मिनीबस आणि टेम्पो ट्रॅव्हलरच्या ड्रायव्हरांना व्हीलचेअरवरचे प्रवासी नेण्याचं ट्रेनिंग मिळायला हवं यावर. त्याखाली एका वाचकाची मोठी कॉमेंट आलीय. थोडक्यात अशी, की मॅडम एसीत बसून लिहितात, ठाण्याच्या घोडबंदर रोडला वीस वर्षं गाडी मारणाऱ्याला या काय शिकवणार, आधी खड्डे बुजवा, पगार वाढवा, परदेशातली थेरं इथे चालत नाहीत आणि खर्च कोण करणार.

तुम्ही मला ओळखत नाही. मी एसीत बसते की रिक्षाच्या लायनीत उभी असते हे तुम्हाला माहीत नाही, तरी पहिल्याच ओळीत ते ठरवून मोकळे झालात. मुद्दा मांडायचा होता तर मांडायचा ना, समोरच्याला आधी खाली बसवल्याशिवाय बोलताच येत नाही का? ड्रायव्हरांचा पगार कमी आहे हे मात्र मान्य, शंभर टक्के मान्य, आणि माझी पोस्ट लांबली होती हेही मान्य.

आता ते वीस वर्षांचं. माझा धाकटा भाऊ मणक्याच्या दुखापतीनंतर व्हीलचेअरवर आहे. कासारवडवलीहून नेरूळला फिजिओथेरपीला एका भाड्याच्या गाडीने जायचो, ड्रायव्हर अगदी तुम्ही म्हणता तसाच मुरलेला, हात एकदम साफ. कापूरबावडीला रिक्षा आडवी आली, त्याने कचकन ब्रेक मारला, गाडी कुठेही घासली नाही. त्याच्या हिशोबाने विषय संपला. मागे चेअरचे दोन्ही ब्रेक लावलेले होते आणि चाकाला एक दोरी बांधलेली होती, तरी चेअर तिरकी होऊन पुढच्या सीटवर आपटली आणि भावाचा गुडघा मध्ये सापडला. त्याला कमरेखाली काही जाणवत नाही. त्यामुळे घरी येऊन कपडे बदलेपर्यंत केवढं लागलंय हे आम्हाला कळलंच नाही, त्यालाही नाही.

तो माणूस वाईट नव्हता हो. चेअर कशी बांधायची हे त्याला आयुष्यात कोणी दाखवलंच नव्हतं, आणि न दाखवलेली गोष्ट वीस काय चाळीस वर्षांनीही आपोआप येत नाही. चेअरचा ब्रेक चेअर जमिनीवर उभी राहावी म्हणून असतो, चालत्या गाडीसाठी नसतो. गाडीत चेअरचं तोंड पुढे हवं, आडवी नको (आपल्याकडे जागा वाचवायला सर्रास आडवी ठेवतात, तिथेच मला धडकी भरते). चार पट्टे, दोन पुढून दोन मागून, आणि ते चेअरच्या पक्क्या सांगाड्याला, चाकाला किंवा पाय ठेवायच्या पट्टीला कधीच नाही. माणसाला वेगळा बेल्ट, कमरेवरून आणि खांद्यावरून, तो गाडीला जोडलेला. चेअरचा स्वतःचा जो कमरपट्टा असतो तो माणूस नीट बसून राहावा म्हणून असतो, त्याच्या भरवशावर जीव सोडता येत नाही. या पट्ट्यांची जी आंतरराष्ट्रीय चाचणी आहे ती ताशी 48 किलोमीटरने समोरून टक्कर धरून करतात, दोरीने काय होणार तिथे? बॅटरीची चेअर एकटीच शंभर किलोच्या वर जाऊ शकते, तिची पॉवर गाडीत बंद करायची असते, आणि साध्या चेअरला रॅम्पवरून उतरवताना उलटं न्यायचं, नाहीतर माणूस पुढे तोंडावर येतो.

आणि हे सगळं बाजूला ठेवा, नुसतं चालवणं घ्या. वीस वर्षांत ड्रायव्हरचा पाय ज्यांच्यामुळे तयार झाला ते प्रवासी दांडा धरतात, वळण आलं की पाय रोवतात, ब्रेक दिसला की अंग आवळतात. त्यांच्यामुळे त्याला वाटतं आपण स्मूथ चालवतोय. ज्याला पाठीचा तोलच सांभाळता येत नाही तो गायमुखच्या साध्या वळणावर, कमी स्पीडलाही, कलंडतो, आणि हे आरशात दिसत नाही. म्हणजे अनुभव आहे, पण तो दुसऱ्या प्रवाशांचा आहे. हे त्याला सांगणं हा त्याचा अपमान कसा होतो ते मला खरंच कळलेलं नाही. जड वाहनाला वेगळं लायसन्स लागतं तेव्हा कार चालवणाऱ्याचा अपमान होतो का?

खड्ड्यांचं म्हणाल तर रस्ता खराब म्हणून चेअर नीट बांधायची नाही, असं म्हणायचंय का तुम्हाला? उलट खराब रस्त्यावरच जास्त बांधायला हवी. परदेशी थेरांचं म्हणाल तर ब्रिटनच्या मिडास (मिनीबस ड्रायव्हरांच्या ट्रेनिंगच्या) योजनेचं उदाहरण मी एवढ्यासाठी दिलं की तिथे मिनीबस ड्रायव्हरचं सर्टिफिकेट चार वर्षं चालतं आणि मग त्याला परत ट्रेनिंगला बसवतात, जुना असो की नवा. आपल्याकडेही 2016 च्या दिव्यांग हक्क कायद्यात वाहतुकीचं कलम आहे, बसमध्ये व्हीलचेअर अडकवायची सोय हवी असं मोटार वाहन नियमांतही आलंय. सोय बसवली आणि ती लावता येणारा माणूसच गाडीत नाही, तर ती कोणासाठी? खर्च गाडीमालकाने करायचा, ड्रायव्हरच्या पगारातून एक रुपया नाही, आणि ट्रेनिंगच्या दिवसाचा रोजही त्याला द्यायचा. मागच्या पोस्टमध्ये हे लिहिलंय, तिथपर्यंत वाचलं असतंत तर हा प्रश्न आला नसता.

तुम्ही स्वतः लाईनवर असाल तर चेअरचा प्रवासी असताना पट्टे कुठे अडकवता ते लिहा, त्यावर मी नीट बोलेन. एसी, मॅडम वगैरेला यापुढे उत्तर देणार नाही.