जाड विनाइल रिव्हेटवर टिकत नाही, तेच आधी उठतं

सध्या मराठवाड्यातल्या प्रिंटिंगवाल्यांच्या आणि गाडीमालकांच्या ग्रुपवर विनाइलबद्दल, म्हणजे गाडीवर चिकटवायच्या छापील प्लास्टिक फिल्मबद्दल, एक मेसेज फिरतोय: 'रिव्हेटच्या ट्रेलरला 100 मायक्रॉनचं जाड विनाइल घ्या, वर जाड लॅमिनेशन मारा. हीटगन फिरवली की कुठलंही विनाइल बसतं. नाहीच बसलं तर रिव्हेटभोवती गोल कापा. कास्टला जादा पैसे घालू नका, पाच वर्षं बघायला नको.' फिरते दवाखाने, कृषी प्रदर्शनाचे ट्रेलर यांचं काम या सल्ल्यावर होत असेल, तर मालकाचे पैसे बुडणार. म्हणून एकेक मुद्दा घेऊ.

आधी जाडी. एसटीच्या जुन्या अॅल्युमिनियम बॉडीवर रिव्हेटच्या रांगा सगळ्यांनी पाहिल्यात. त्यातली टोपी सुमारे साडेनऊ मिलिमीटर रुंद आणि दीड मिलिमीटर उंच धरा. फिल्मला त्या टोपीवर चढून लगेच पत्र्यावर उतरायचं असतं, म्हणजे कडेला ती ताणली जाणारच. आता स्वस्त विनाइल कॅलेंडर्ड असतं: गरम लगदा रुळांतून दाबून, ओढून बनवलेलं. तो ताण त्याच्या अंगात राहतो आणि ऊन लागलं की ते मूळ आकाराकडे परत जातं. कास्ट विनाइल पातळ द्रव ओतून, भट्टीत सुकवून बनतं. त्यात असा ताण जवळपास नसतो आणि ते साधारण 50 मायक्रॉनचं असल्याने वळतंही सहज. रिव्हेटभोवती पांढरट कडं दिसतं, ज्याला आपण तंबू म्हणतो, ते बहुतेक वेळा फिल्म मागे सरकल्यामुळे. गोंद कितीही चांगला असला तरी रोज ओढणाऱ्या फिल्मपुढे तो हरतो. जाडी वाढवली की ओढ वाढते. कॅलेंडर्डमध्ये दोन प्रकार: स्वस्त मोनोमेरिक आणि त्याहून टिकाऊ पॉलिमेरिक. पॉलिमेरिक बरं, पण तेही सपाट किंवा हलक्या वळणाच्या पत्र्यासाठीच.

लॅमिनेशनची, म्हणजे छपाईवर चढवायच्या पारदर्शक फिल्मची, चूक याहून घातक, कारण ती लवकर दिसत नाही. खाली कास्ट आणि वर जाड कॅलेंडर्ड लॅमिनेट लावलं, की वरचा थर आक्रसतो आणि खालच्यालाही ओढून नेतो. महागडं विनाइल घेऊन फायदा शून्य. कास्टवर कास्टच, तेही 30 ते 50 मायक्रॉनचं, त्याच कंपनीने त्या फिल्मसाठी सांगितलेल्या जोडीतलं. लॅमिनेट लागतंच. त्याशिवाय छपाई उन्हाने उडते आणि धुताना घासली जाते. सॉल्व्हंट किंवा इको-सॉल्व्हंट (उडून जाणाऱ्या द्रावकातल्या शाईची) छपाई असेल तर लॅमिनेशनआधी किमान 24 तास, गडद छपाईला 48 तास, प्रिंट मोकळी पसरून ठेवा. घट्ट गुंडाळलेला रोल आतून सुकत नाही. अडकलेलं सॉल्व्हंट गोंद मऊ करतं आणि कडा उठतात.

'हीटगन फिरवली की बसतं' हे अर्धंच खरं. बसतं, पण राहत नाही. पद्धत अशी: फिल्म रिव्हेटांवरून तंबूसारखी सैल जाऊ द्या, आजूबाजूचा सपाट भाग स्क्वीजीने (चपट्या पट्टीने) दाबा. टोपीच्या कडेला हवा निघायला बारीक सुईने दोन-तीन टोचे मारा. गरम करा, फिल्म ढिली पडली की रिव्हेट ब्रशने बाहेरून आत गोल गोल दाबा. मग शेवटची उष्णता, जी बहुतेक लोक गाळतात: फिल्मचं तापमान साधारण 95 ते 105 अंशांपर्यंत नेऊन तिच्यातला ताण घालवायचा. नेमका आकडा त्या फिल्मच्या माहितीपत्रकात असतो. इन्फ्रारेड थर्मामीटर विनाइलवर धरा. उघड्या चकचकीत अॅल्युमिनियमवर तो कमी आकडा दाखवतो. एप्रिल-मे महिन्यात परभणी, नांदेडकडे उन्हातला पत्रा हात लावू देत नाही, तिथे गोंद टेकताच पकडतो. काम सावलीत, सकाळी करा.

गोल कापणं तर नकोच. कटर रंगाखालच्या पत्र्यावर ओरखडा काढतो, उघड्या कडेतून पाणी आणि धूळ आत जाते. अॅल्युमिनियमच्या पत्र्याला लोखंडी रिव्हेट असेल तर ओलाव्याने तिथे गंज वेगाने धरतो. पैसे कमी असतील तर रिव्हेटच्या रांगांमधल्या सपाट भागावरच पॉलिमेरिक लावा आणि कडा रिव्हेटपासून 10-12 मिलिमीटर दूर थांबवा. हा प्रामाणिक मार्ग आहे. महिनाभराच्या प्रचाराला साधं विनाइलही चालतं.

'पाच वर्षं' हा आकडा उभ्या पृष्ठभागाचा असतो. छतासाठी आणि उष्ण प्रदेशासाठी तो बराच कमी होतो. शिवाय 6 मीटरचा अॅल्युमिनियम पत्रा 40 अंशांच्या फरकाने साडेपाच मिलिमीटर वाढतो. तो रोज हलतो, फिल्मलाही हलावं लागतं.

खर्च मोजून बघा. 20 फूट लांब, 7 फूट उंच आणि 7 फूट रुंद ट्रेलरला 1.37 मीटर रुंदीचा रोल घेतला, तर प्रत्येक बाजूला पाच पट्टे, पुढे-मागे दोन-दोन. प्रत्येकी सव्वादोन मीटर म्हणजे एकूण साडेएकतीस मीटर, बिघाड धरून 35. कास्ट आणि स्वस्त विनाइलमधला फरक फक्त तेवढ्या मालाचा. मजुरी दोन्हीकडे लागते, आणि खराब विनाइल खरवडायची मजुरी वर. पट्टे मागून पुढे लावत या, म्हणजे पुढचा पट्टा मागच्यावर येतो आणि वाऱ्याने कड उचलली जात नाही. जोड रिव्हेटच्या रांगेवर आणू नका.

लावण्याआधी प्रत्येक रिव्हेट बघा. टोपीमागे काळसर ओघळ दिसला तर तो रिव्हेट ढिला आहे, आधी बदला. सिलिकॉन सीलंटवर विनाइल धरत नाही, त्या जोडावर फिल्म कापून कड सीलंटच्या अलीकडे थांबवा. साबणपाणी, मग आयपीए (आयसोप्रोपिल अल्कोहोल), आणि तो उडायच्या आत कोरड्या कापडाने पुसणं. काम झाल्यावर दुसऱ्या दिवशी दुपारी, ट्रेलर उन्हात तापलेला असताना, रांगेने फिरा. जिथे पांढरं कडं दिसेल तिथे टोचा, गरम करा, ब्रशने दाबा. पुन्हा तिथेच उठलं तर ती फिल्म बदला.