सर्टिफिकेटं अकरा अन् कामाला आली गणिताची वही

मागच्या दोन वर्षांत मी आपत्ती व्यवस्थापनाचे अकरा ऑनलाईन कोर्स केलेत. हो, अकरा. फुकट असतात, मोबाईलवर होतात, शेवटी पीडीएफ येतं आणि ते स्टेटसला टाकलं की पाव्हणे-रावळे अभिनंदन करतात. एक तर मी म्हशीची धार काढता काढता केलाय, व्हिडिओ पुढं ढकलायचा, दहा प्रश्न, चुकलं की परत द्या, पास. त्यामुळं कुणी "प्रशिक्षित स्वयंसेवक" म्हणून ओळख करून दिली की मलाच कसंतरी होतं.

सीपीआरचंच घ्या, म्हणजे हृदय बंद पडलेल्याची छाती दाबायची. मिनिटाला १०० ते १२० दाब, पाच ते सहा सेंटिमीटर खोल, झोपेत विचारा. पण तालुक्याला पहिल्यांदा पुतळ्यावर हात ठेवला तर दीड मिनिटात दंड भरून आले आणि सर म्हणाले, अहो दाबायलात का कुरवाळायलात? ऑनलाईनवाल्यांनी असा एक दिवस सक्तीचा करावा, त्याशिवाय पीडीएफ देऊच नये.

तरीपण "हे कोर्स म्हणजे टाईमपास" म्हणणाऱ्यांशी माझं जमत नाही, कारण ज्याला सगळ्यात जास्त जांभया दिल्या तोच कामाला आला. इन्सिडेंट कमांड. १९७० ला कॅलिफोर्नियात वणवे पेटले, मदतीला माणसं भरपूर पण कुणी कुणाचं ऐकायचं याचा मेळ नाही, त्यातून निघालेली पद्धत. एनडीएमएनं (राष्ट्रीय आपत्ती व्यवस्थापन प्राधिकरण) २०१० मध्ये ती आपल्या कलेक्टर-तहसीलदारांच्या चौकटीत बसवली. जागेवर मुख्य एकच, एकाच्या हाताखाली साधारण पाच जण, आणि सगळं लिहून ठेवायचं.

सप्टेंबर २०२५ ला मांजरा नदीचं पाणी वस्तीत शिरलं त्या रात्री ट्रॅक्टर दोन आणि ओरडणारे पन्नास. सहा जण कंट्रोल रूमला सहा आकडे सांगायलेत. मी दूध डेअरीवाल्या काकांना म्हणलं, फोन फक्त तुम्ही करायचा (गाव घाबरतं त्यांना, कोर्स एकपण केलेला नाही). पोराच्या दप्तरातली गणिताची वही काढली अन् मागच्या पानापासून सुरू केलं, नाव, घरात किती जण, शाळेत आले किती. लोक हसले, शिरगणती लावलीस का रे म्हणून.

रात्री दोनला एका घरापुढं चार लिहिलेले अन् आलेले तीन. सून म्हणते आत्याबाई पहिल्या ट्रॅक्टरला गेल्या, पोरगा म्हणतो मला वाटलं तुझ्यासंगं आहे. म्हातारी तिकडंच, माळवदावर, शेळी घेऊन बसलेली. खाली मातीच्या भिंती कंबरभर पाण्यात भिजायलेत. १९९३ ला किल्लारीच्या भूकंपात अशीच दगडमातीची घरं माणसांवर आलती, काकांनी एक शब्द न बोलता ट्रॅक्टर परत वळवायला लावला.

आजी शेळीबिगर खाली उतरेना. शाळेत आल्यावर म्हणली, हिचंबी नाव लिही. लिहिलंय, वही आहे अजून माझ्याकडं.