सेल्फ-ड्रायव्हिंगवर भरवसा आहे का, असं नका विचारू. कुठल्या रस्त्यावर, ते विचारा

सेल्फ-ड्रायव्हिंगचा विषय निघाला की लगेच दोन पार्ट्या पडतात. एक म्हणते एकदा सवय लागली की साधी गाडी नकोशी होते, दुसरी म्हणते मशीनच्या हातात जीव कोण देणार. आणि मला दोघांचंही ऐकून हेच वाटतं की खोटं कोणीच बोलत नाहीये, जो तो आपापल्या रस्त्याबद्दल बोलतोय.

माझा मावसभाऊ पुण्याला असतो, कामासाठी सारखा एक्सप्रेसवेने मुंबईला. गेल्या वर्षी त्याने अडास (ADAS, म्हणजे ड्रायव्हरला मदत करणारी सिस्टम) लेव्हल टू वाली गाडी घेतली आणि तो खरंच खुश आहे. अडॅप्टिव्ह क्रूझ लावला की पुढची गाडी स्लो झाली की आपली स्लो होते, ती सुटली की आपली सुटते, पट्ट्यांच्या मधोमध गाडी राहते, घरी पोचल्यावर पाय दुखत नाहीत असं म्हणतो. मी त्याच्या बाजूला बसून बघितलंय, छान चालते.

तीच गाडी घेऊन तो चवथीला आमच्याकडे गोव्यात फोंड्याला आला, चोर्ला घाटातून. पाऊस आणि धुकं, समोरचं वळण दिसत नव्हतं आणि नेमका तिथेच स्क्रीनवर मेसेज आला की कॅमेऱ्याला दिसत नाहीये, सिस्टम बंद. खाली साखळीच्या अलीकडे धुकं संपून सिस्टम परत चालू झाली, तर रस्त्यात गुरं बसलेली, हा त्यांना चुकवायला जरा उजवीकडे गेला, इंडिकेटर न देता, जसे आपण सगळेच जातो, तर स्टेअरिंग परत डावीकडे खेचायला लागलं. "दादा, ही ओढतेय बघ!" म्हणून ओरडला तो. गाडीला वाटलं हा लेन सोडतोय, झोप लागली असेल. पुण्याच्या बाजूला हेच फीचर, लेन असिस्ट, खरोखर झोप लागलेल्या माणसाला वाचवेल, इथे ते त्याला गुरांवर नेत होतं. त्याने जोर लावून स्टेअरिंग धरलं म्हणून निभावलं. पुढे एक पिकअप होता, मागे हातभर बाहेर आलेल्या लोखंडी सळ्या आणि टोकाला लाल फडकं. त्याने क्रूझ लावलाच नाही. गाडी अंतर मोजणार ते हौद्यापासून का सळीच्या टोकापासून, हे त्यालाही माहीत नव्हतं आणि मलाही.

आमचे शेजारचे काका मोपा एअरपोर्टची टॅक्सीची भाडी मारतात, आयुष्य गेलं ड्रायव्हिंगमध्ये. त्यांना हे सांगितलं तर म्हणाले, "तिका आमचो रस्तो खंय म्हायत आसा!" काकांचा मुद्दा मला पटतो. बस थांबली की तिच्या पुढून कोणीतरी धावत येणार, पायलटला (मोटरसायकल टॅक्सीवाल्याला) कोणी हात केला की तो आहे तिथेच ब्रेक मारणार, ब्लॅक प्लेटची रेंटची गाडी मॅप बघत मधेच थांबणार, हे काका आधीच ओळखतात. काचेमागचा कॅमेरा आणि बंपरमधला रडार समोर आलेलं बघतो, येणार आहे ते नाही.

पण म्हणून सगळंच टाकाऊ म्हणणाऱ्यांशी मी अजिबात सहमत नाही. आपोआप इमर्जन्सी ब्रेक लागणं ही गोष्ट मला प्रत्येक गाडीत हवी आहे. युरोपात जुलै 2024 पासून नवीन गाड्यांना ते सक्तीचं झालंय, अमेरिकेनेही 2029 पर्यंतची मुदत घालून तसा नियम काढला. एक सेकंद मोबाईलकडे नजर गेली आणि पुढचा थांबला, तिथे मशीन माणसापेक्षा लवकर ब्रेक मारतं. म्हणजे एकाच गाडीतल्या एका फीचरवर पूर्ण भरवसा आणि दुसरं बंद, असं असू शकतं आणि मला तेच बरोबर वाटतं.

मला खरी भीती वाटते ती अर्धवट भरवशाची. लेव्हल टू म्हणजे गाडी थोडं काम करणार पण जबाबदारी शंभर टक्के तुमची, आणि माणसाचं असं आहे की दहा वेळा नीट झालं की अकराव्या वेळी लक्ष उडतंच. 2016 ला फ्लोरिडात ऑटोपायलटवरच्या (टेस्लाची अशीच ड्रायव्हरला मदत करणारी सिस्टम) टेस्लाने रस्ता ओलांडणाऱ्या ट्रेलरसाठी ब्रेकच मारला नाही, गाडीतला माणूस गेला. 2018 ला अ‍ॅरिझोनात उबरच्या टेस्टिंगच्या गाडीने सायकल हातात धरून रस्ता ओलांडणाऱ्या बाईला उडवलं, लक्ष ठेवायला बसवलेली ड्रायव्हर त्या वेळी मोबाईल बघत होती. आणि डिसेंबर 2023 मध्ये टेस्लाला अमेरिकेत 20 लाखांवर गाड्या रिकॉल कराव्या लागल्या (सॉफ्टवेअर अपडेटनेच झालं ते), कारण ड्रायव्हरचं लक्ष आहे की नाही याची तपासणी पुरेशी नव्हती. याउलट वेमो या अमेरिकन कंपनीची ड्रायव्हरच नसलेली टॅक्सी फिनिक्स, सॅन फ्रान्सिस्कोला फिरते, पण ती ठरवून दिलेल्या भागातच, आणि त्यात बसलेल्याला स्टेअरिंग धर असं कोणी सांगत नाही. तिथे जबाबदारी कोणाची ते तरी क्लिअर आहे.

गडकरी साहेबांनी 2017 पासून सांगितलंय की ड्रायव्हरलेस गाड्या भारतात येऊ देणार नाही, ड्रायव्हर लोकांची नोकरी जाईल म्हणून. काकांना त्यात समाधान आहे, आणि ते बरोबरच आहे. पण स्टेअरिंग ओढणाऱ्या गाड्या तर आपल्याकडे कधीच आल्यात, त्यांच्याबद्दल कोण बोलणार?

शोरूममध्ये टेस्ट ड्राईव्ह देतात ती हायवेवर, उन्हात, ताज्या पट्ट्यांवर. सेल्सवाला हात सोडून दाखवतो, मला याचा प्रचंड राग येतो. चुकीची सवय तिथेच लागते ना! गोव्यात गाडी विकता तर जुलैत संध्याकाळी आतल्या रस्त्यावर घेऊन जा, पट्टे पुसलेत तिथे काय होतं दाखवा, गुरं ओळखते का ते स्पष्ट सांगा, लेन असिस्ट कसं बंद करायचं ते चावी देतानाच शिकवा. मॅन्युअलमध्ये बारीक अक्षरात लिहिलंय म्हणून हात झटकू नका, ते कोणी वाचत नाही.

गोव्यात अडासवाली गाडी रोज चालवणारे इथे बरेच असतील. तुम्ही कुठलं फीचर बंद ठेवलंय आणि कुठल्या रस्त्यावर, तेवढं कमेंटमध्ये लिहा. करमळ घाट आणि झुआरी पुलावरचा अनुभव कोणाला असेल तर नक्की लिहा, आमच्या बहिणीच्या घरी पुढच्या महिन्यात अशीच गाडी येतेय आणि तिला काणकोण-पणजी रोज करायचंय.