आमची वाडी उल्लेखनीय नाही

गेल्या सोमवारी रात्री आमची वाडी काढून टाकली. धरणाखाली गेली नाही, रस्त्याच्या रुंदीकरणातही नाही. एका मुक्त ज्ञानकोशातून काढली. दोन संध्याकाळी खपून मी नऊ ओळींचं पान लिहिलं होतं. अकरा मिनिटांत वर पाटी लागली, 'उल्लेखनीयता सिद्ध होत नाही', आणि सकाळी चहा होईपर्यंत पानच गायब. ज्याने काढलं त्याच्या टोपणनावात एक गरुड आणि चार आकडे आहेत. हा गरुड कधी खंबाटकी घाट ओलांडून आमच्याकडे उडाला असेल असं वाटत नाही.

वाडीचं नाव इथे लिहीत नाही. संदर्भ नाही ना.

गावांसाठी नियम काय, म्हणून रीतसर विचारलं. कायद्याने गाव असेल तर पान राहतं, मग माणसं चार असोत नाहीतर चाळीस हजार. नुसती वाडी असेल तर तिच्याबद्दल कुणी तिऱ्हाइताने काहीतरी लिहिलेलं लागतं. मी म्हटलं, भारतीय सर्वेक्षण विभागाच्या नकाशात आहे की! 'ळ'चा 'ल' झालाय, पण आहे. नकाशा चालत नाही. मग 1885 चं सातारा गॅझेटियर उघडलं, एकोणिसावा खंड. साहेबाने जिल्ह्यातले बाजार मोजलेत, जत्रा मोजल्यात, देवळांचे खांब मोजलेत. आमच्या चढाला त्याचं घोडं दमलं असावं. वर्तमानपत्रात आम्ही एकदाच आलो, बिबट्याने शेळी नेली तेव्हा. पण बातमीत नाव छापलं ग्रामपंचायतीच्या गावाचं. शेळी आमची, बिबट्या आमच्या रानातला, आणि नाव खालच्या गावाचं!

तेव्हा कागदच आणू म्हणून तलाठी कार्यालय गाठलं. तलाठ्याला आता ग्राम महसूल अधिकारी म्हणायचं असतं. पाटी नवी आहे, कुलूप जुनंच. बाहेरच्या बाकावर एक म्हातारबा बसले होते. टोपी, धोतर, मांडीवर कागदांची पिशवी.

"कुठलं म्हनायचं पावनं?"

मी वाडीचं नाव सांगितलं.

"ती व्हय. ती गाव न्हाई."

एका आठवड्यात दुसऱ्यांदा. म्हटलं, "मग तुमचं गाव कुठलं, आबा?"

त्यांनी नाव सांगितलं आणि छाती पुढे काढून म्हणाले, "बेचिराख हाय."

मला वाईट वाटलं. आवाज खाली आणून विचारलं, "कधी लागली आग?"

"आग? कसली आग?"

"नाही, बेचिराख म्हणालात..."

आबांनी बाकावरच्या दुसऱ्या माणसाकडे पाहिलं. "शिकल्यालं दिसतंय," ते त्याला म्हणाले. मग मला, लहान पोराला सांगावं तसं : "आरं, गावात घर न्हाई, चूल न्हाई, दिवा लागत न्हाई. त्येला बेचिराख म्हनत्यात."

बरोबरच होतं त्यांचं. फारसीत चिराग म्हणजे दिवा, बेचिराग म्हणजे जिथे दिवा लागत नाही ते. सरकारी दप्तरात अशी गावं अजून आहेत. शेवटची राख आपण मराठी माणसांनी घातली, आणि मग आग शोधत बसलो.

"पर गाव हाय," आबा पुढे म्हणाले. "शीव हाय. सातबाऱ्यावर 'मौजे' म्हून नाव हाय. शिरगणतीत सहा आकडी नंबर हाय. तुमच्या वाडीला हाय का नंबर?"

"पण आबा, माणसं?"

"मान्सं कशाला लागत्यात गावाला? मान्सं आली की भांडनं आली. आमच्या गावात आजपातूर निवडनुकीला एक डोकं फुटलं न्हाई."

"मग तुम्ही राहता कुठे?"

"तुमच्याच वाडीत की. चाळीस वर्सं झाली."

मी उडालोच. "मग मला ओळखलं कसं नाही?"

"तुमी येता कवा? जत्रंला. मटान खाता, जाता."

यावर काय बोलणार? मोबाइल काढून आबांचं गाव त्या ज्ञानकोशात शोधलं. आहे! रुबाबात आहे. यंत्राने पाडलेलं पान, तालुक्याच्या सगळ्या गावांना शब्दन्‌शब्द एकच हवामान. खाली 2011 च्या जनगणनेची लोकसंख्या : 0. आणि आमच्याकडे नव्वद उंबरे, एक मारुती, मार्चमध्ये आटणारी विहीर, हे सगळं अनुल्लेखनीय. आधी पट कमी म्हणून शाळा गेली. मग भारमान कमी म्हणून मुक्कामाची एसटी गेली. दोन्ही वेळा समोरच्याकडे नियम होता आणि आमच्याकडे आकडा नव्हता. आता संदर्भ कमी म्हणून पान गेलं. एसटीवाल्याने निदान आमचा चढ पाहिला तरी होता.

मी आबांना पान वाचून दाखवलं. हवामान त्यांना पसंत पडलं. लोकसंख्येवर मात्र ते अडले.

"शून्य कसं? माळवं राखायला रातचा मीच असतो की थितं. एक लिवा."

"संदर्भ लागतो, आबा."

आबांनी पिशवी बाजूला ठेवली, टोपी सारखी केली आणि छातीवर बोट ठेवलं. "ह्यो काय."

मग इकडेतिकडे बघून माझ्या कानाशी आले. "कंदील बी असतो. पर त्ये लिवू नगा. बेचिराखपन जाईल."

तलाठी काही आले नाहीत. मी बाकावर बसल्या बसल्याच शून्याचा एक केला. आज चौथा दिवस. तो एक अजून तिथेच आहे, आणि गरुडाने संदर्भ मागितलेला नाही.