'३००' हा इतिहास नाही, आणि ते पर्शियन मुसलमान नव्हते

स्पार्टा या ग्रीक नगरराज्याचा राजा लिओनिडास आणि पर्शियाचा, म्हणजे आजच्या इराणचा, राजा झर्क्सीस यांच्या लढाईवरच्या झॅक स्नायडरच्या '३००' या चित्रपटाबद्दलचा एक फॉरवर्ड पुन्हा फिरू लागलाय. 'जरूर वाचा, पुढे पाठवा' छापाचा. त्यातले दावे थोडक्यात असे: हा चित्रपट म्हणजे शंभर टक्के खरा इतिहास. स्पार्टाच्या ३०० वीरांनी ग्रीसमधल्या थर्मोपिलीच्या खिंडीत १० लाखांची इस्लामी फौज अडवली, म्हणून युरोप वाचला. स्पार्टा म्हणजे स्वातंत्र्याचं माहेरघर. चित्रपटाला नावं ठेवणारे समीक्षक विकाऊ, त्यांना त्यातली दृश्यकला कळलीच नाही. आणि शेवटी, 'आपली पावनखिंड म्हणजे हेच!'

एरवी मी असलं काही वाचतो आणि सोडून देतो. पण माझ्या भाच्याने कॉलेजच्या वक्तृत्व स्पर्धेसाठी पावनखिंडीवर भाषण लिहिलंय, त्यात 'झर्क्सीसची इस्लामी फौज' हे शब्द जसेच्या तसे उतरलेत. तपासणाऱ्या सरांनी त्यातला ऱ्हस्व-दीर्घ तेवढा सुधारला. म्हणून हे लिहावं लागतंय.

तर आधी ती इस्लामी फौज. थर्मोपिलीची लढाई इ.स.पू. ४८० मधली. इस्लामचा उदय इसवी सनाच्या सातव्या शतकातला. मध्ये तब्बल अकराशे वर्षं जातात. झर्क्सीस आणि त्याचा बाप दारियस शिलालेख कोरवून घ्यायचे ते अहुर मज्दाच्या नावाने, आणि अहुर मज्दाला कोण भजतं हे निदान मुंबईत राहणाऱ्याला सांगावं लागू नये. अरबांनी इराण जिंकल्यानंतर जे जरथुष्ट्री तिथून निघाले आणि गुजरातच्या किनाऱ्यावर संजाणला उतरले, त्यांचे वंशज म्हणजे आपले पारशी. त्यांच्यात आजही मुलांची नावं सायरस, दारियस अशी ठेवतात. टायटन घड्याळांची कंपनी उभी करणारे झर्क्सिस देसाई याच समाजातले. आईवडिलांनी त्यांचं नाव काही खलनायकावरून ठेवलं नसणार. म्हणजे फॉरवर्ड लिहिणाऱ्याने काय केलं बघा: इस्लामी राजवट आली म्हणून ज्यांनी देश सोडला, त्यांच्याच पूर्वजांना मुसलमान करून टाकलं.

बरं, या लढाईत 'आपण' कुठल्या बाजूला होतो? हिरोडोटस या प्राचीन ग्रीक इतिहासकाराने आपल्या ग्रंथाच्या सातव्या भागात झर्क्सीसच्या फौजेची जंत्रीच दिली आहे. त्यात भारतीय आहेत. अंगात सुती कपडे, हातात वेताची धनुष्यं, लोखंडी टोकांचे बाण. सिंधूकाठचा मुलूख तेव्हा पर्शियन साम्राज्यात होता. पुढच्या वर्षी ग्रीसमधल्याच प्लॅटियाच्या मैदानातही भारतीय तुकड्या पर्शियनांच्या बाजूने उभ्या होत्या. उलट स्पार्टाचा पदच्युत राजा डेमारेटस झर्क्सीसच्या छावणीत सल्ले देत बसला होता, आणि हॅलिकार्नेससची राणी आर्टेमिसिया, तीही ग्रीक शहराचीच, स्वतःची जहाजं घेऊन त्याच्या आरमारात लढत होती. बसवा हे सगळं 'पूर्व विरुद्ध पश्चिम'च्या चौकटीत.

स्वातंत्र्याचं माहेरघर म्हणे! स्पार्टाची शेती करायचे हेलॉट, म्हणजे जमिनीला जखडलेले गुलाम. एफोर नावाचे निवडून आलेले अधिकारी दर वर्षी या हेलॉटांविरुद्ध रीतसर युद्ध पुकारायचे, म्हणजे त्यांना मारलं तरी पाप लागू नये, असं ॲरिस्टॉटलच्या हवाल्याने प्लुटार्क हा नंतरचा ग्रीक लेखक सांगतो. प्लॅटियाला ५,००० स्पार्टन गेले, प्रत्येकामागे सात हेलॉट, म्हणजे ३५,००० (पुन्हा हिरोडोटसच). थर्मोपिलीच्या प्रेतांतही हेलॉट होते, हेही तोच नोंदवतो. चित्रपटात ग्रीकांच्या बाजूला एकही गुलाम दिसत नाही. गुलाम सगळे झर्क्सीसकडे. आणि दूताला विहिरीत ढकलण्याचा तो गाजलेला प्रसंग? दूतांना विहिरीत टाकलं हे खरं, पण ते आधीच्या स्वारीत, दारियसच्या दूतांना. पुढे स्पार्टनांनाच त्याचा घोर लागला. प्रायश्चित्त म्हणून त्यांनी आपली दोन माणसं मरायला झर्क्सीसकडे पाठवली. त्याने ती जिवंत परत धाडली. दूतांना मारून तुम्ही सगळ्या जगाचा रिवाज मोडलात, मी तसं करणार नाही, असं त्याने सुनावलं. हा प्रसंग कुणी पडद्यावर का आणला नसेल, विचार करा.

'शंभर टक्के खरा' यात एक तुकडा खरा आहे, तो मान्य करून टाकतो. बाणांनी सूर्य झाकला तर सावलीत लढू, हे उत्तर हिरोडोटसमध्ये आहे. 'शस्त्रं हवीत तर येऊन घ्या' आणि लिओनिडासची राणी गॉर्गो हिचं 'आम्हीच पुरुषांना जन्म देतो', ही दोन्ही वाक्यं प्लुटार्कमध्ये सापडतात. संवाद जुने आहेत. बाकीचं जाऊ द्या.

दृश्यकलेचा मुद्दा मात्र उडवून लावण्यासारखा नाही. फ्रँक मिलरची १९९८ ची चित्रकादंबरी समोर ठेवून, जवळजवळ सगळा चित्रपट माँट्रियलच्या स्टुडिओत निळ्या पडद्यापुढे चित्रित केला. आकाश पितळी, रक्त शाईसारखं काळपट, भाला सुटताना काळ थबकतो आणि लागताना झपकन पुढे सरकतो. लिओनिडास एकामागून एक शत्रू कापत पुढे जातो ती सलग चौकट मीही दोनदा मागे नेऊन पाहिली आहे. देखणी आहे, वाद नाही.

पण हा देखणेपणा वाटला कुणाला, ते बघा. स्पार्टन उघड्या छातीचे, जिममधून थेट रणांगणात आलेले. खरा ग्रीक पायदळ सैनिक शिरस्त्राण, चिलखत आणि मोठी गोल ढाल घेऊन रांगेत उभा राहायचा, आणि त्याची ढाल शेजाऱ्यालाही झाकायची. लिओनिडास हे एका प्रसंगात स्वतः समजावून सांगतो. थोड्याच वेळात सगळे रांग मोडून एकेकटे नाचायला लागतात, कारण रांगेत स्लो मोशन खुलत नाही. समोरचे पर्शियन मात्र काळेकभिन्न, विद्रूप, मुखवटे घातलेले. झर्क्सीस टकला, उघडा, अंगभर साखळ्या आणि टोचलेल्या कड्या. पर्शियन राजधानी पर्सेपोलिसच्या दगडांवर तोच झर्क्सीस लांब कुरळ्या दाढीचा, पायघोळ झग्यातला राजा आहे. आणि एफियाल्टीस, ज्याने डोंगरातली वाट दाखवली, तो हिरोडोटसच्या मते बक्षिसाच्या आशेने आलेला एक स्थानिक माणूस. त्याच्या अंगात व्यंग असल्याचा एक शब्दही तिथे नाही. चित्रपटाने त्याला कुबड दिलं. सुरुवातीला निवेदक कौतुकाने सांगतो की व्यंग असलेलं मूल स्पार्टात टाकून देत, आणि पुढे तसं वाचलेलं मूलच फितूर निघतं. याचा अर्थ काय होतो तो ज्याने त्याने लावावा. मला तरी यात कला वेगळी आणि मजकूर वेगळा काढता येत नाही. सुंदर तो चांगला आणि कुरूप तो वाईट, हे त्या प्रत्येक चौकटीत रंगवलेलं आहे.

चाहते इथे एक बरा बचाव करतात: ही सगळी डिलिओस या सैनिकाने लढाईआधी सांगितलेली गोष्ट आहे, तो मीठमसाला लावणारच. चला, मानलं. मग ती सैनिकांना चेतवायला सांगितलेली अतिशयोक्ती ठरते. तीच गोष्ट शंभर टक्के खरा इतिहास कशी ठरेल? फॉरवर्डवाल्यांनी दोहोंपैकी एक काहीतरी निवडावं.

आकड्यांवर फार वेळ घालवत नाही. हिरोडोटस तर झर्क्सीससोबत एकूण ५२ लाखांहून जास्त माणसं मोजतो. दहा हजार माणसं दाटीवाटीने उभी करायची, भोवती भिंत घालायची आणि मग ते कुंपण पुन्हा पुन्हा भरायचं, अशी पायदळाची मोजणी झाल्याचं तो सांगतो. आजचे अभ्यासक फार तर दोन-तीन लाखांपर्यंत जातात. आणि ग्रीक ३०० नव्हते, पाच हजारांच्या वर होते.

राहिली पावनखिंड. अरुंद वाट, थोडी माणसं, मागावर मोठी फौज, इथवर जुळतं. पण जुलै १६६० मध्ये बाजीप्रभूंचं काम होतं राजे विशाळगडावर पोचेपर्यंत खिंड धरण्याचं, आणि ते काम फत्ते झालं. थर्मोपिली तिसऱ्या दिवशी पडली, झर्क्सीसने अथेन्स जाळलं, आणि त्याची स्वारी फिसकटली ती सलामिसच्या समुद्रात, जिथे सगळ्यांत जास्त जहाजं स्पार्टाची नाही, अथेन्सची होती. बांदलांच्या मावळ्यांना ग्रीसमधलं कुणी जोडायचंच असेल तर थेस्पिया या ग्रीक शहराचे ७०० सैनिक जोडा. ते जन्मभर कवायत केलेले स्पार्टन नव्हते. लिओनिडासने बाकीच्या फौजांना परत पाठवलं तेव्हा हे आपल्या मर्जीने थांबले, तिथेच मेले, आणि मागे त्यांचं शहरही झर्क्सीसने जाळलं. दोन तासांच्या चित्रपटात त्यांचा साधा उल्लेखही नाही.