टाळू उंच आहे म्हणून बाळाच्या तोंडात बोट घालू नका

सध्या एक मेसेज सगळीकडे फिरतोय: बाळाची टाळू (डोक्यावरची नाही, तोंडातली) कमानीसारखी उंच असेल तर तो आजार, त्यामुळेच मूल तोंडाने श्वास घेतं, आणि रोज आंघोळीच्या वेळी बोटाने दाबली की ती बसते. माझ्या बहिणीची लेक 3 महिन्यांची आहे, ती रडकुंडीला आली हे वाचून, म्हणून लिहितेय.

"आजार आहे." नाही हो. नाक सरळ असतं, बसकं असतं, तशी ही ठेवण, धडधाकट माणसांतही असते. मार्फान (शरीराला आधार देणाऱ्या ऊतींचा जनुकीय आजार), डाऊन सिंड्रोममध्ये ती बऱ्याचदा दिसते हे खरं, पण नुसत्या टाळूवरून निदान होत नाही. मार्फानच्या 1996 च्या निकषांत उंच टाळू होती, 2010 ला निकष सुधारले तेव्हा ती काढली. डॉक्टर बघतात ते महाधमनी फुगलीय का, डोळ्यातलं भिंग सरकलंय का, हात-बोटं उंचीच्या मानाने फार लांब आहेत का, छाती आत दबलीय का, घरात कोणाला आहे का. असं काही जोडीला असेल तर 2डी इको (हृदयाची सोनोग्राफी) कराच, तिथे चालढकल नको.

"टाळूमुळे तोंडाने श्वास." अर्धंच खरं. तोंडाचं छत म्हणजेच नाकाची जमीन, त्यामुळे टाळू अरुंद तर नाकाची वाटही अरुंद असू शकते, पण अॅडेनॉइड (नाकाच्या मागची गाठ) वाढून नाक कायम चोंदलेलं असलं तरी मूल तोंड उघडं ठेवतं, आणि आधी काय नि नंतर काय यावर तज्ज्ञांतच वाद आहे. मूल रोज घोरतं, झोपेत श्वास अडकतो? मग कान-नाक-घशाच्या डॉक्टरांकडे जा.

"दाबली की बसते." याचा मला खरंच राग येतो. पुढची टाळू हाडाची आहे, आणि खालून वर दाबून ती खाली कशी येईल? बाळाला जखम आणि इन्फेक्शन मात्र होऊ शकतं. दूध ओढताना चुटचुट आवाज येतो, वजन वाढत नाही, दूध नाकातून येतं, तर बालरोगतज्ज्ञांना दाखवा, टाळूला फट नाही ना ते तपासतील. मोठ्या मुलांचे वरचे मागचे दात खालच्यांच्या आत बसत असतील तर ऑर्थोडॉन्टिस्ट (दात सरळ करणारे डॉक्टर) स्क्रूवाला एक्सपांडर लावतात, तोही टाळू रुंद करायला, आणि वाढत्या वयातच, कारण मधला सांधा तेव्हा पक्का जुळलेला नसतो.

बहिणीच्या लेकीचं वजन छान वाढतंय, झोपते नाकाने श्वास घेत. आंघोळ घालणाऱ्या मावशींना सांगितलंय, तेल लावा, मालिश करा, तोंडात बोट नको.